जुनी सेकंड वाइन उघडताना

२००० सालची 'ले फोर द लातूर' ही फ्रेंच रेड वाइन हाती लागली असेल, तर घाई करू नका. (हे लातूर आपलं नव्हे, फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या पोयाक गावचं!)

ही सेकंड वाइन, म्हणजे वाइनरीच्या मुख्य वाइनखालोखालची दुसरी वाइन. ती उरलासुरला माल असते, हा समज आधी डोक्यातून काढा. शातो लातूर या वाइनरीने हे लेबल १९६६च्या पिकापासून सुरू केलं. त्यात तरुण वेलींची आणि मळ्याच्या काही ठरावीक तुकड्यांतली द्राक्षं जातात. कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं भरपूर, म्हणून चांगल्या सालातली बाटली वीस-पंचवीस वर्षं सहज काढते.

बाटली आदल्या दिवशीच उभी करून ठेवा, गाळ तळाला बसू दे. जुनं बूच भुसभुशीत होतं. मी एकदा नेहमीच्या स्क्रूने ओढलं आणि अर्धं बूच आत तरंगायला लागलं. दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर बरं. ओतताना बाटलीच्या मानेमागे टॉर्च धरा. गाळाची रेघ मानेत शिरली की हात थांबवा, उरलेल्या घोटाचा मोह नको.

तासन्‌तास डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ठेवू नका, म्हातारी वाइन दमते. तापमान सोळा ते अठरा अंश.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. कडेला विटकरी छटा दिसली तर घाबरू नका, ते वय आहे. वासात फळ मागे गेलेलं असेल. देवदार, तंबाखू, चामडं, ओला पालापाचोळा पुढे येईल. मला तर ही बाजूच जास्त आवडते. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला, तर मात्र बूच बाधलंय, म्हणजे खराब बुचामुळे वाइन बिघडलीय.

पहिला घोट छोटा घ्या, वीस मिनिटांनी पुन्हा चाखा.