ड्राफ्टचा क्रमांक बघून फॉरवर्डला मोडीत काढू नकोस

अमेरिकन सॉकर नुकतंच बघायला लागला आहेस, म्हणून सांगतो. कॉलेजातून आलेला फॉरवर्ड (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) पहिल्या दोन-तीन मोसमांत चमकला नाही, की लोक त्याच्यावर फुली मारतात. तू घाई करू नकोस. ख्रिस वॉन्डोलोव्स्कीचीच कारकीर्द बघ. चिको स्टेट हे दुसऱ्या श्रेणीत खेळणारं कॉलेज. ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं. तिथून 2005 च्या पुरवणी ड्राफ्टमध्ये सॅन होजेच्या संघानं त्याला घेतलं, तेही 41व्या क्रमांकावर. पुढच्याच वर्षी संघ ह्यूस्टनला हलला. तिथे तो बराच काळ बाकावर किंवा राखीव संघात. 2009 मध्ये तो सॅन होजेच्या नव्या संघात परतला आणि 2010 मध्ये 18 गोल करून मोसमातल्या सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट पटकावला. तेव्हा वय 27! 2012 मध्ये 27 गोल, आणि 2021 मध्ये निवृत्त झाला तेव्हा एमएलएसमध्ये (अमेरिकेतली मुख्य व्यावसायिक लीग) एकूण 171.

वेग बेताचाच. पण चेंडू गोलसमोरच्या पेटीत यायच्या आधी तो बचावपटूच्या पाठीमागून कसा सरकायचा, ते जुन्या चित्रफितींत बघ. गोलच्या क्लिपा पुरेशा नाहीत, आधीची दहा सेकंदंही बघ. 2014 च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध हुकलेली संधी लोक तुला हमखास दाखवतील. बघ तीही, त्या जागी तो पोचला होता, हे मात्र कुणी सांगत नाही.