अन्नातल्या जंतूंमुळे आतड्याला सूज कशी येते? खाल्ल्या खाल्ल्या त्रास का होत नाही?

सूज आणतं आपलंच शरीर, जंतू फक्त भाग पाडतात. आणि त्याला वेळ लागतो, हे कोणीतरी आमच्या मोठ्या आईला सांगा.

चैत्रात शेतात नवसाचा कोंबडा होता. रविवारी संध्याकाळी तर्री-भाकर खाऊन सगळे घरी आले. सोमवारी सकाळी आईनं मठ्ठा केला. दुपारपासून पोरं ताप, मुरडा आणि जुलाबानं आडवी. झालं! मोठी आई ओट्यावर बसून गल्लीला ऐकवत होती, "मठ्ठाच बाधला पोट्ट्याईले." आजही लग्नात मठ्ठा आला की लोक आईकडे बघून हसतात. शेवटचं ज्यानं वाढलं तो गुन्हेगार, हा आमच्याकडचा न्याय.

अहो, साल्मोनेला या जंतूला त्रास सुरू करायला साधारण 6 ते 72 तास लागतात. जठरातल्या आम्लातून वाचलेले जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोचतात आणि अस्तराच्या पेशीत सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं टोचतात. मग ती पेशीच त्यांना आत ओढून घेते. जंतूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन पेशीवरच्या टीएलआर-5 या ग्राहीनं, म्हणजे पहारेकरी प्रथिनानं, ओळखलं की पेशी आयएल-8 हे निरोपाचं प्रथिन सोडून बोंब ठोकतात. रक्तातल्या न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी धावून येतात, अस्तराचे सांधे सैल होतात, पाणी आतड्यात उतरतं. याच धुमश्चक्रीत टेट्राथायोनेट हे गंधकाचं संयुग तयार होतं आणि साल्मोनेला ते श्वसनाला वापरतो. आतड्यातल्या बहुतेक जंतूंना ते जमत नाही, म्हणून हा त्यांना मागे टाकतो. 2010 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी हे दाखवलं. लबाड आहे की नाही? सूज त्याच्याच सोयीची.

मोठे बाबा म्हणतात, "तर्री खदखद उकळली होती, तिच्यात जंतू राहते का?" नाही राहत. पण ज्या पाटावर कोंबडा कापला तो नुसता फडक्यानं पुसून, त्याच सुरीनं कांदा आणि सांभार (कोथिंबीर) चिरला, तो कच्चाच ताटात आला. सुरी कोणाच्या हातात होती ते मी इथं लिहीत नाही. माझे वडील मठ्ठा पोटभर प्यायले, कच्चा कांदा मात्र ते खातच नाहीत. त्यांना ढेकरसुद्धा करपट आली नाही.

आता हेही खरं, की शौचाची तपासणी तेव्हा कोणी केली नव्हती. शिवाय जेवणानंतर तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या, तर स्टॅफिलोकोकस या दुसऱ्या जंतूचं अन्नात आधीच तयार झालेलं विष असू शकतं. तिथं शेवटच्या जेवणावर संशय रास्त आहे, आणि ते विष अन्न पुन्हा उकळूनही जात नाही. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर जुलाब थांबवायची गोळी मनानं घेऊ नका. ओआरएस पाजत दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना मागच्या तीन दिवसांचं खाणं सांगा, कांद्यासकट. फक्त सकाळचा मठ्ठा नको.