नीट, नर्सिंग आणि देवाची खूण

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र वाचलं. मेडिकलची नीट परीक्षा दोन वर्षं दिलीस, यंदा 720 पैकी 338 आले, मधे सीईटी देऊन ठेवली होती म्हणून बीएस्सी नर्सिंगला सीट लागलीय आणि जॉइन व्हायला शुक्रवारपर्यंतच मुदत आहे. त्यात प्रार्थना गटातल्या काकूंना दर्शन झालं की तू डॉक्टर होणार, त्यामुळे आई तिसऱ्या अटेम्प्टवर ठाम, पप्पा गप्प, आणि तू उपास धरून खुणेची वाट बघतीयस. विचारतेस की सीट घेतली तर विश्वासात कमी पडले असं होईल का.

अजिबात नाही.

खूण म्हटली की सगळ्यांना बायबलमधल्या गिदोनाची लोकर आठवते, त्याने देवाला म्हटलं होतं की दव फक्त लोकरीवर पडू दे आणि जमीन कोरडी राहू दे, म्हणजे मला खात्री पटेल. पण शास्ते या पुस्तकाचा 6वा अध्याय नीट वाच, गिदोनाने काय करायचं ते देवाने आधीच सांगितलेलं होतं, लोकर नंतर आली आणि ती त्याच्या धास्तीपोटी आली. मला विचारशील तर करिअरसाठी बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक वाचावं, हा नहेम्या पारसाच्या राजाच्या चाकरीत होता. यरुशलेमचा कोट पडलाय हे कळल्यावर हा माणूस रडला, उपास केला, किसलेव ते निसान या यहुदी महिन्यांत म्हणजे जवळपास चार महिने प्रार्थनेत काढले, आणि राजाने "तुला काय पाहिजे" विचारल्यावर मनातल्या मनात परत प्रार्थना करून लगेच बोलायला लागला, किती दिवस लागतील, वाटेतल्या सुभेदारांना पत्रं हवीत, वेशीच्या तुळयांसाठी लाकूड हवं म्हणून राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याच्या नावाने वेगळं पत्र हवं. म्हणजे प्रार्थना चालू असतानाच त्याने सगळी माहिती काढून ठेवली होती ना! हा भाग चर्चमध्ये फारसा कोणी सांगत नाही, सगळे कोट बांधायलाच पळतात.

तर तुझं लाकूड किती आहे ते बघू. 338 म्हणजे सरकारी एमबीबीएसपासून बरंच लांब, आणि प्रायव्हेटची फी घरात झेपणार नाही हे तूच लिहिलंयस. पहिल्या वर्षापेक्षा फक्त 26 मार्क वाढलेत. तिसऱ्या अटेम्प्टला नियमाने अडचण काही नाही, पण फिजिक्स दोन्ही वर्षं तिथेच अडकलंय आणि यंदा अभ्यासात वेगळं काय करणार ते पत्रात कुठेच नाही. हे उत्तर नसेल तर तिसरा अटेम्प्ट म्हणजे विश्वास नाही गं, ती नुसती आशा झाली. माझं मत स्पष्ट आहे, सीट घे.

नर्सिंग म्हणजे नापास डॉक्टर असं आपल्याकडे अजून बोलतात त्याचा मला राग येतो. वेल्लोरला मिशनरी डॉक्टर इडा स्कडर यांनी नर्सिंगचं शिक्षण 1909 ला चालू केलं, डॉक्टरांचं 1918 ला, कारण त्यांना दवाखाना चालवायचा होता आणि तो कोणाच्या जिवावर चालतो ते माहीत होतं. चार वर्षांनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं की एम्सच्या नर्सिंग ऑफिसर पदासाठी नॉरसेट ही भरती परीक्षा देता येते, एमएस्सी करता येतं, बाहेरच्या देशांची दारंही उघडतात.

काकूंचं काय? त्यांना खोटं पाडू नकोस, आईशी त्यावरून वाद तर मुळीच घालू नकोस. थेस्सलनीकाकरांना पत्रात प्रेषित पौलाने लिहिलंय की देवाच्या नावाने आलेले संदेश तुच्छ मानू नका, आणि पुढच्याच वाक्यात, सगळं पारखून बघा. पारखायला पाळकांना घरी बोलव, ते आईशी बोलतील, तू बोललीस की भांडण होतं आणि पाळक बोलले की चहा होतो.

एक कामाचं, पत्रात तू स्वतःला ओपन लिहिलंयस. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेली कुटुंबं आपल्या राज्यात ओबीसीत येतात, तुमचं तसं आहे का ते पप्पांना विचार. असेल तर जातीचा दाखला, त्याची पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढायला टाक, पुढे कामाला येईल. शुक्रवारी जाताना पप्पांना बरोबर ने, ओरिजिनल कागद कॉलेजकडे ठेवून घेतात तेव्हा सगळ्याच्या झेरॉक्स आणि पोचपावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नकोस, आणि पुढे सीट सोडायची झाली तर फी किती परत मिळते ते पैसे भरायच्या आधी विचार. उपास गुरुवारीच सोड बरं का, रांगेत चक्कर येईल.