ट्रक सोडून शाळेच्या बसवर यावे का?

अंबडच्या एका सदस्याने विचारले आहे की मालवाहू ट्रकवरचा अनुभव असताना नाशिकमध्ये शाळेच्या बसवर चालक म्हणून रुजू व्हावे का, आणि हे काम ट्रकपेक्षा सोपे असते का. मी अनेक वर्षे गंगापूर रोड आणि इंदिरानगर भागात हेच काम करीत आहे. रात्रीचे घाट आणि घराबाहेरचे मुक्काम सुटतात, एवढ्यापुरते ते सोपे आहे. मात्र ट्रकवर धोका गाडी धावताना असतो, तर येथे तो मुख्यतः गाडी उभी असताना असतो.

बसच्या तोंडासमोरचा काही फुटांचा भाग आणि पुढच्या डाव्या चाकालगतची जागा चालकाला नीट दिसत नाही, आणि बालवाडीतले मूल तेथे असले तर ते मुळीच दिसत नाही. उतरलेल्या मुलाच्या हातून पाण्याची बाटली निसटून बसखाली जाते आणि मूल तिच्यासाठी वाकते. किंवा आजोबा रस्त्याच्या पलीकडून हाक मारतात आणि मूल बससमोरून धाव घेते. म्हणून थांब्यावर हँडब्रेक ओढलेलाच ठेवावा आणि मदतनीस मावशींनी मुलाला पालकांच्या हाती देऊन, पुन्हा पायरीवर चढून ‘चला’ म्हटल्याशिवाय गिअर टाकू नये. पालकांनी बसच्या दरवाजाच्या बाजूलाच उभे राहावे, हे जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावे. दिवाळीनंतर सांगितले तर त्यांना तो अपमान वाटतो. शेवटचे मूल उतरल्यावर मागच्या बाकापर्यंत स्वतः चालत जाऊन पाहावे, कारण दुपारच्या फेरीत लहान मुले झोपतात आणि आसनावर आडवी झालेली मुले आरशात दिसत नाहीत.

सकाळच्या शाळेची वेळ आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांची पहिली पाळी एकाच सुमारास येते, त्यामुळे पाथर्डी फाटा किंवा द्वारका चौकात गेलेला वेळ भरून काढण्याचा प्रयत्नच करू नये. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतल्यापासून काही शाळांत लहान आणि मोठ्या मुलांच्या फेऱ्या वेगळ्या झाल्या आहेत. आपल्या वाट्याला किती फेऱ्या येतील, हे आधीच विचारावे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटाकडील सखल रस्ते पाण्याखाली जातात, तेव्हाचा पर्यायी मार्ग शाळेच्या परिवहन समितीकडून आधीच ठरवून घ्यावा.

कागदपत्रांत वाहतूक वाहनाचा परवाना, बॅज, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पोलीस पडताळणी तयार ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिल्लीसंबंधीच्या आदेशात शाळेच्या बसचालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, तसेच अतिवेगासाठी त्याचे एकदाही चलान झालेले नसावे, असे म्हटले होते. तुमचा ट्रकवरचा अनुभव येथे उपयोगी पडेल, पण स्वतःच्या नावावरची जुनी ई-चलाने अर्जापूर्वी तपासून घ्यावीत.

पगाराचे बोलणे करताना नेमणूक शाळेची की ठेकेदाराची, आणि मे महिन्याचा पगार मिळणार की नाही, हे लेखी घ्यावे. मधल्या वेळेत कंपनीच्या कामगारांची फेरी मारण्याचा आग्रह काही ठेकेदार धरतात. दुपारची एखादी फेरी चालू शकते. रात्रपाळीची फेरी मात्र कितीही पैसे दिले तरी घेऊ नये, कारण पहाटे पुन्हा मुलांना आणायला निघायचे असते.