डेटा सायन्समुळे पत्रकारितेत खरंच काही बदललंय की नुसते रंगीत चार्ट वाढलेत?

बदललंय, आणि मुख्य बदल चार्टमध्ये नाही तर बातमी सापडण्यात आहे. इलेक्टोरल बाँडचंच घ्या (राजकीय पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देता यायची ते रोखे), मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने स्टेट बँकेचा डेटा निवडणूक आयोगाच्या साइटवर आला, पण दोन वेगळ्या पीडीएफमध्ये, एकीत बाँड कोणी घेतले आणि दुसरीत कुठल्या पक्षाने वटवले, दोन्ही जोडायला काही नाही. मग २१ मार्चला प्रत्येक बाँडचा नंबर बाहेर आला आणि पत्रकारांनी, काही प्रोग्रामरनीसुद्धा, पीडीएफचे टेबल करून नंबर जुळवले, त्यातून कुठल्या कंपनीचा पैसा कुठल्या पक्षाकडे गेला ते थेट दिसलं. हजारो ओळींचं हे काम हाताने करत बसलं असतं तर किती दिवस गेले असते विचार करा! व्हिज्युअलायझेशनचा (चार्ट, ग्राफिक्सचा) उपयोग त्यानंतर, म्हणजे सामान्य वाचकाला आपल्या पक्षाचं नाव शोधून लगेच बघता यावं म्हणून, आणि माझ्या मते तोही तितकाच महत्त्वाचा आहे. फक्त एक लक्षात ठेवा, हा डेटा १२ एप्रिल २०१९ पासूनचाच आहे, आणि पैसे कुणाकडून कुणाकडे गेले एवढंच तो सांगतो. का दिले ते शोधायला रिपोर्टरला अजूनही कागदपत्रं काढावी लागतात, माणसांशी बोलावं लागतं.