रेंजफाइंडरला छोटा फ्लॅश घेताना

तुझ्या कॅनोनेट या रेंजफाइंडर फिल्म कॅमेऱ्याला लीफ शटर (लेन्समध्येच पात्यांनी उघडणारं) आहे, त्यामुळे फ्लॅश १/५०० सेकंदावरही जुळतो. मोठा फ्लॅश घेऊ नकोस. कॅमेऱ्याचा तोल जातो. आयएसओ १०० ला गाइड नंबर (फ्लॅशची ताकद; त्याला अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं) २० (मीटरमध्ये) पुरे. पाच मीटरवर एफ/४ मिळतो, ४०० ची फिल्म असली तर एफ/८.

पुढच्या बाजूला सेन्सर असलेला ऑटो फ्लॅशच घे आणि थायरिस्टरचा (उरलेली वीज वाचवणारा) असला तर उत्तमच. जुना घेताना दुकानातच तपास: ऑटोवर ठेवून आधी जवळच्या पांढऱ्या भिंतीवर मार, मग लांब अंधारात. भिंतीनंतर फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लवकर लागला, तर तो प्रकाश मोजून उरलेली वीज खरंच वाचवतोय.

लेन्स ‘ए’वरून (ऑटोवरून) काढून फ्लॅशवर लिहिलेलं अ‍ॅपर्चर लाव, हे विसरू नकोस. एक मात्र सांभाळ. सराफ्यात रात्री विक्रेत्यामागे काळोख असेल, तर सेन्सर फसतो आणि चेहरा पांढराफटक येतो. तेव्हा अ‍ॅपर्चर एक स्टॉप (एक पायरी) लहान कर. घरच्या गौरीपूजनात पांढऱ्या भिंतीसमोर उलट, एक स्टॉप उघड. वापर झाला की सेल काढून ठेव.