गेटरचं ‘आपलं नाव’ म्हणजे कोणाचं?

वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहणारा माझा भाचा सांगलीच्या चुलतभावासाठी सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नोट्स मराठीत लिहितोय. त्यानं विचारलं, “मामा, ‘गेटरनं आपलं नाव मिळवणं’ असा मथळा देऊ, की ‘स्वतःचं नाव’? मला प्रॉपर्टीचं नाव तिच्याच गेटरमध्ये हवंय, एवढंच सांगायचंय.”

(प्रॉपर्टी म्हणजे कोडमध्ये नाव देऊन ठेवलेली माहिती, आणि गेटर म्हणजे ती माहिती मागितली की चालणारा तिचा कोड.)

दोन्ही नकोत. मराठीत ‘आपला’ कर्त्याला चिकटतो. ‘सुनेनं सासूला आपलं नाव सांगितलं’ म्हटलं की नाव सुनेचं. ‘स्वतःचं’ म्हटलं तरी सुनेचंच. तुझ्या मथळ्यात कर्ता गेटर आहे, मग नावही गेटरचंच होणार.

सी शार्पही अगदी असंच वागतं. ‘किंमत’ नावाच्या प्रॉपर्टीच्या गेटरमध्ये ‘मेथडबेस.गेटकरंटमेथड’ला, म्हणजे आत्ता कोणती मेथड (नाव दिलेला कोडचा तुकडा) चालू आहे ते सांगणाऱ्या सोयीला, नाव विचारून बघ. ‘किंमत’ येत नाही, ‘गेट_किंमत’ येतं, आणि किंमत बदलणाऱ्या सेटरमध्ये ‘सेट_किंमत’. चालू मेथडचं नाव विचारलं, ते मिळालं. पुष्कळ जण मग पुढचं ‘गेट_’ छाटून वेळ मारून नेतात, ते मला पटत नाही. 2012 पासून ‘कॉलरमेंबरनेम’ ही खूण आहे. गेटरमधून ती खूण लावलेल्या ज्या मेथडला बोलावशील, तिच्या हाती कंपायलरच (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) बोलावणाऱ्याचं नाव ठेवतो, आणि तिथं नुसतं ‘किंमत’ येतं. 2015 पासून ‘नेमऑफ’ही आहे. त्यात नाव आपणच लिहायचं, पण प्रॉपर्टीचं नाव बदललं आणि इथं जुनंच राहिलं, तर कंपायलर तिथंच अडवतो.

‘आपलं’मध्ये आणखी एक अडचण आहे. तू दिवसभर गुजराती बोलतोस; तिथं ‘पोतानुं’ (स्वतःचं) वेगळं, ‘आपणुं’ (आपल्या सगळ्यांचं) वेगळं. मराठीत दोन्हीला ‘आपलं’च, शिवाय अर्जावरचं ‘आपलं नाव’ म्हणजे तुमचं नाव. सांगलीचा मुलगा मथळ्यातच अडखळेल.

तेव्हा प्रश्न विचारताना तुझ्या तोंडून जे सहज निघालं तेच लिही : ‘प्रॉपर्टीचं नाव तिच्याच गेटरमध्ये मिळवणं’. गेटर तो, प्रॉपर्टी ती. ‘तिच्याच’ म्हटलं की नाव कोणाचं आणि गेटर कोणाचा, दोन्ही कळतं. म्हणूनच इथं ‘प्रॉपर्टी’च्या जागी ‘गुणधर्म’ घालू नकोस. शब्द चांगला आहे, मी एरवी वापरतो, पण तोही पुल्लिंगी. नोट्समध्ये पुढं कुठं ‘त्याचं नाव’ लिहिलंस, की गेटरचं की गुणधर्माचं, हा घोळ परत उभा राहील.